कादंबरी शिकवताना आधी निवेदनाची रचना घ्यावी की कुटुंबातली सत्ता?

तुमचा प्रश्न एमिली ब्राँटेच्या 'वुदरिंग हाइट्स' या कादंबरीबद्दल (1847) आहे: आधी काय घ्यावं आणि दोन्हींना किती तास द्यावेत. माझं उत्तर, वेगळे तास करूच नका. आधी कथानक, मग रचना, मग स्वभावचित्रणं ही वहिवाटच मुळात चूक आहे. तिच्यामुळे मुलं रचनेवर टिपण लिहितात, घराबद्दल मत देतात, आणि दोन्ही एकच गोष्ट आहे हे त्यांच्या लक्षातच येत नाही. या घरात काय घडलं हे आपल्याला मुख्यतः सांगते कोण? घरात नोकरी करणारी नेली.

नवव्या प्रकरणातला एकच प्रसंग घ्या. शेजारच्या श्रीमंत घरातल्या एडगर लिंटनला लग्नाचा होकार दिल्याचं घरची मुलगी कॅथरीन नेलीला सांगते, तेवढाच. मोठ्याने वाचा आणि फळ्यावर तीन रकाने आखा: खोलीत कोण आहे, कोणी कुठवर ऐकलं, कोणी काय लपवलं. हीथक्लिफ, म्हणजे लहानपणी या घरात आणलेला अनाथ मुलगा, भिंतीजवळच्या बाकावर आहे, पण मध्ये असलेल्या दुसऱ्या बाकाच्या पाठीमुळे कॅथरीनला तो दिसत नाही. त्याच्याशी लग्न केलं तर आपली पायरी उतरेल, एवढं तिच्या तोंडून ऐकून तो निघून जातो. तिचं त्याच्यावर किती प्रेम आहे, हे पुढचं बोलणं त्याच्या कानावर पडतच नाही. त्याला जाताना पाहते फक्त नेली. ती कॅथरीनला गप्प करते. का, असं विचारल्यावर घरचा नोकर जोसेफ आल्याचं सांगते. खरं कारण गिळून टाकते.

इथे वाचन थांबवा. 'या क्षणी घरात सगळ्यात जास्त सत्ता कोणाची?' एक वाक्य उत्तर, एक ओळ पुरावा, पाच मिनिटं. बहुतेक वह्यांत कॅथरीनचा भाऊ हिंडली येईल, कारण घराचा मालक तो. ते खोडून काढू नका. कॅथरीन त्याच बोलण्यात म्हणते की हिंडलीने हीथक्लिफला इतकं खाली आणलं नसतं तर एडगरशी लग्नाचा विचार तिने केलाच नसता. मग विचारा, हीथक्लिफ गेल्याची बातमी कोणाच्या हातात होती? मालकाची सत्ता आणि बातमी दाबणाऱ्या नोकराणीची सत्ता एकाच पानावर समोरासमोर येतात.

हा तास फसतो तो नावांमुळे. कॅथरीन दोन आहेत, आई आणि मुलगी; लिंटन हे आडनावही आहे आणि एका मुलाचं नावही. वंशवृक्ष आधीच फळ्यावर हवा. त्याखाली दोन पट्ट्या काढा: वरच्या पट्टीत निवेदनाचा क्रम (पहिली तीन प्रकरणं बाहेरून आलेल्या भाडेकरू लॉकवुडची, चौथ्यापासून नेलीचं सांगणं, तेराव्यात एडगरच्या बहिणीचं, इसाबेलाचं पत्र), खालच्या पट्टीत घटनांचा. कादंबरी उघडते 1801 मध्ये आणि सातव्या प्रकरणाअखेर नेली 1778 च्या उन्हाळ्यावर येऊन थांबते. दोन्ही आकडे मुलांना पुस्तकातूनच शोधायला लावा.

'आधी गोष्ट तर कळू दे' हा युक्तिवाद मी पुष्कळ ऐकलाय. सारांश आधी दिलात की हीथक्लिफ चांगला की वाईट यावरच तास जातो. नेली लपवते हे कळल्यावर मुलं लगेच तिला खलनायिका ठरवतात, तेही तितकंच उथळ; नोकरी टिकवायची असलेल्या बाईपुढे पर्याय किती होते, तेही विचारा.

तासांचं म्हणाल तर या प्रसंगाला दोन पुरतात. परीक्षेत स्वभावचित्रणच विचारत असतील तर शेवटचा तास त्यासाठी ठेवावाच लागेल, आणि तिथे हिंडलीचा मुलगा हेअरटन घ्या: सतराव्या प्रकरणाच्या शेवटी तो स्वतःच्याच घरात नोकर आहे, तोही बिनपगारी.