तिथीची पाऊणपट

गुहागर

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

शाळेतल्या मुलांना सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आणि किनाऱ्यावर नेऊन निसर्ग शिकवण्याचा तुझा बेत वाचून फार आनंद झाला. मात्र तुझ्या आराखड्यात पक्षी, रानफुले आणि कातळशिल्पे यांना जितकी जागा मिळाली आहे, तिच्या दशांशानेही पाणी, ऊन आणि परतीची वाट यांना मिळालेली नाही, म्हणून हे पत्र जरा लांबवतो आहे.

पॉल पेट्झोल्ट हे नाव तुझ्या कानावर आले नसेल. अमेरिकेतल्या वायोमिंगमधील ग्रँड टीटन या सुमारे ४,२०० मीटर उंचीच्या शिखरावर ते १९२४ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, गुराखी घालतात तसले बूट घालून एका मित्राबरोबर चढले. पहिल्या प्रयत्नात वादळाने गाठले, रात्र डोंगरावर कुडकुडत काढावी लागली आणि शिखर त्यानंतर मिळाले. मला त्या शिखरापेक्षा ती फजितीच मोठी वाटते, कारण आपण किती अज्ञानी होतो हे त्यांनी कधी लपवले नाही.

पुढे १९३८ साली के-टू या शिखराच्या मोहिमेत चार्ल्स ह्यूस्टन यांच्यासह ते सुमारे २६,००० फुटांपर्यंत गेले. तेव्हा सर्वांत वरच्या तळावर पोचल्यावर काडेपेट्या खालच्या तळावरच राहिल्याचे लक्षात आले. स्टोव्ह पेटल्याशिवाय बर्फ वितळत नाही आणि बर्फ वितळल्याशिवाय घोटभर पाणी मिळत नाही. खिशात सापडलेल्या मोजक्या आणि बेभरवशाच्या काड्यांवर त्यांना निभवावे लागले. आषाढात सर्दावलेल्या काडेपेटीशी रोज सकाळी झटणाऱ्या आपल्या माणसांना त्यातली तगमग वेगळी समजावावी लागत नाही.

१९६५ साली त्यांनी वायोमिंगमधल्याच लँडर येथे नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल काढले. तिथे मुले महिनाभर रानात राहत आणि दोर-गाठींइतकाच भर स्वयंपाकावर, कपड्यांवर, श्वास आणि पाऊल यांचा मेळ राखून न दमता चालण्यावर, तंबूतल्या सोबत्याशी नीट वागण्यावर आणि चुलीची खूणसुद्धा मागे न ठेवण्यावर असे. आपल्याला काय येते आणि काय येत नाही हे ओळखणे त्यांना सर्वांत महत्त्वाचे वाटे. ज्याला रानात नीट राहता येते तोच रान राखेल, असे मी त्यातून समजलो. पुढे १९७७ साली, असे नेते घडवण्यासाठीच, वाइल्डरनेस एज्युकेशन असोसिएशनच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १९९९ साली ते गेले.

आता माझी फजिती ऐक. तुझ्याच वयाचा असताना अकरा मुलांना घेऊन मी एका टेकाच्या पायथ्याच्या खडकांवरून पलीकडच्या पुळणीत गेलो. सकाळचे दहा वाजले होते आणि खडक कोरडे होते. त्या दिवशी चतुर्थी होती. तिथीची पाऊणपट, म्हणजे चाराचे तीन, केली असती तर भरती तीनच्या सुमारास भरणार हे बोटांवर कळले असते. पण मी खेकड्यांची जातकुळी सांगण्यात रंगलो होतो. एक वाजता परतीची वाट पाण्याखाली गेली. संध्याकाळी पाणी ओसरेपर्यंत आम्ही कातळाच्या कपारीत बसून राहिलो. सर्वांत धाकटा मुलगा बाटलीच्या झाकणाने पाणी मोजून सगळ्यांना देत होता, आणि ते काम मी त्याला सांगितलेले नव्हते. घरी मात्र मी ‘समुद्र अचानक वाढला’ असे सांगितले, याची लाज मला अजून वाटते. समुद्र अचानक वाढत नाही.

सड्याबद्दल एवढेच सांगतो, की दगड उलथायचा तर काठीने, कारण खाली फुरसे असते. आणि माघ-फाल्गुनात वाळलेल्या गवतात चूल अजिबात नको, कॅम्पफायरही नको. पेट्झोल्टना वरच्या तळावर काडी कमी पडली होती. आपल्याकडे एका काडीने लागलेला वणवा काजूच्या बागा आणि देवराईची कड जाळून जातो. मुलांना कासवे दाखवायची असतील तर वेळासला ने. तिथे पिल्ले पाण्याकडे निघाली की दोरीमागे गप्प उभे राहावे लागते, आणि ते उभे राहणे हाही धडाच आहे.

आराखडा पुन्हा लिही. आधी वाट एकटीने चालून ये, शक्य झाल्यास एकदा भांगाला, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा, आणि एकदा उधाणाला, म्हणजे ती सर्वांत जास्त चढते तेव्हा, गावातल्या एखाद्या मच्छीमाराला सोबत घेऊन. पहिली सहल कोणत्या तिथीला ठेवली आहेस, ते उलट टपाली कळव.

तुझा,
जुना मास्तर