कॅलिब्रेशन, कालबूत आणि कोळशातले आयोडीन

हवेतील किरणोत्सारी आयोडीन पकडणाऱ्या कोळशाच्या फिल्टरवर जे मापन करतात, त्याच्या ‘कॅलिब्रेशन’ला मराठीत ‘प्रमाणीकरण’ म्हणावे की ‘अंशांकन’, असे एका वाचकाने विचारले आहे. दोन्ही नकोत. प्रमाणीकरण म्हणजे स्टँडर्डायझेशन, आणि अंशांकन म्हणजे तापमापीच्या नळीवर रेघा आखणे; ‘अंशशोधन’ हा रुळलेला शब्द आहे, तोच वापरावा. मात्र यंत्राचा काटा जागेवर आणण्यालाही सर्रास ‘कॅलिब्रेट केले’ म्हणतात, ते मला फार खटकते. ते समायोजन झाले. अंशशोधनात ज्ञात मूल्याच्या नमुन्याला यंत्र कोणते वाचन देते, एवढा संबंध ठरवायचा असतो.

या शब्दाचे मूळ मात्र फार सुंदर आहे. फ्रेंच ‘कालिब्र’च्या मागे अरबी ‘कालिब’, म्हणजे साचा, आहे आणि त्याच्याही मागे ग्रीक ‘कालोपूस’: ‘कालोन’ म्हणजे लाकूड, ‘पूस’ म्हणजे पाय, जोडे शिवणारा कारागीर ज्यावर कातडे चढवतो तो लाकडी पाय. हाच ग्रीक शब्द इराणात ‘कालबुद’ झाला आणि फारसीतून मराठीत ‘कालबूत’ म्हणून आला. जे कोशकार ‘अरबी, साचा’ एवढे लिहून थांबतात, त्यांनी पायाऐवजी पायाच्या मापाचे लाकूड हा अर्थाचा गाभाच सोडला आहे असे माझे ठाम मत आहे.

फिल्टरचेच पाहा. आयोडीन-१३१ चे ३६४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण शोधकापर्यंत, म्हणजे किरण मोजणाऱ्या यंत्रापर्यंत, किती पोहोचतील, हे कोळशाच्या डबीच्या आकारावर आणि आयोडीन तिच्यात कोठे बसले आहे यावर अवलंबून असते. हवा शिरते त्या बाजूच्या थरातच ते बहुतांशी अडकते; म्हणून ती बाजू शोधकाकडे ठेवली आणि अंशशोधन मात्र सगळ्या कोळशात सारख्या मिसळलेल्या नमुन्यावर केलेले असले, तर उत्तर वाजवीपेक्षा जास्त येते. शिवाय आयोडीनचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे विघटित व्हायला लागणारा काळ, अवघे ८ दिवसांचे असल्याने त्याचा नमुना जपून ठेवता येत नाही, म्हणून तशाच डबीत बेरियम-१३३ भरतात: अर्धायुष्य सुमारे साडेदहा वर्षे, मुख्य गॅमा किरण ३५६ चे, म्हणजे आयोडीनच्या जवळपासच्याच ऊर्जेचे. हे बेरियम म्हणजे शब्दशः कालबूत, पाय नव्हे, पण पायाच्या मापाचे. फक्त दर १०० विघटनांमागे बेरियम त्या ऊर्जेचे सुमारे ६२ किरण देते आणि आयोडीन ३६४ चे सुमारे ८१. हा फरक हिशेबात धरला नाही, तर हवेतले आयोडीन आहे त्याहून सुमारे ३० टक्के जास्त दिसते.