देहदानाचा फॉर्म भरला, एवढं पुरतं का?

‘देहदानाचा फॉर्म भरला आहे, आता आणखी काही करायचं राहतं का? आणि तिथे शरीराचं नेमकं काय होतं?’ असं तुम्ही विचारलंय. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवते, म्हणून आधी दुसऱ्या प्रश्नाबद्दल सांगते. घरची माणसं बहुधा तिथेच अडतात.

देह आला की मांडीच्या किंवा मानेच्या धमनीतून फॉर्मालिनचं द्रावण आत सोडतात. रक्तवाहिन्यांमधून ते सगळीकडे पसरतं आणि कुजण्याची क्रिया थांबते. मृत्यूनंतर फार वेळ गेला तर ते नीट पोचत नाही, म्हणूनच घाई असते. मग पहिल्या वर्षाची मुलं त्या देहावर कित्येक महिने शिकतात. अनेक ठिकाणी सुरुवातीला देहाचा मान राखण्याची शपथ घेतात. आम्ही मुलांना सांगतो, हा तुमचा पहिला शिक्षक.

पुस्तकातल्या चित्रात धमनी लाल, शीर निळी आणि मज्जातंतू पिवळा असतो. खऱ्या शरीरात हे रंग नसतात. काय कुठलं आहे ते बोटांना कळावं लागतं. शिवाय दोन माणसं आतून कधीच अगदी सारखी नसतात. पित्ताशयाला रक्त पुरवणारी धमनी कुणात कुठून निघेल याचा नेम नाही, आणि पित्ताशय काढताना सर्जनला हे ठाऊक नसेल तर रक्तस्रावाचा धोका असतो. मनगटाकडे जाणारा पामारिस लाँगस हा बारीक स्नायू कित्येकांना नसतोच. स्क्रीनवरचं मॉडेल सहसा एकच ठरावीक शरीर दाखवतं. आपला देह म्हातारा, आजारांनी थकलेला आहे, त्याचा काय उपयोग, असं कृपा करून समजू नका. बसवलेला पेसमेकर, बदललेला गुडघा, जाड झालेलं हृदय, यातूनच मुलं पुष्कळ शिकतात.

आणि हा देह कुणीतरी स्वतःहून दिलेला आहे, याचं मोल मला फार वाटतं. १८२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिनबरात बर्क आणि हेअर यांनी खून करून प्रेतं शरीररचना शिकवणाऱ्या डॉक्टर नॉक्सला विकली होती. १८३२ च्या ब्रिटिश कायद्याने प्रेतांचा तो व्यापार थांबला, पण त्यानंतर टेबलावर आले ते गरिबांचे, कुणी न्यायला न आलेले देह. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्याच वर्षी वारलेले तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांनी मात्र आपला देह विच्छेदनाला, म्हणजे कापून अभ्यास करायला, द्यावा असं लिहून ठेवलं होतं.

आता फॉर्मचं. फॉर्म म्हणजे तुमची इच्छा, पण देह ताब्यात देणार तुमचे नातेवाईक. बहुतेक ठिकाणी त्यांनी नाही म्हटलं की विषय संपतो. त्यामुळे जोडीदार, मुलं, भावंडं यांच्यासमोर स्पष्ट बोला. सगळ्यात जास्त विरोध करील असं वाटतं, त्या माणसाशी आधी बोला. मृत्यूनंतर महाविद्यालयाला फोन कोण करणार हे ठरवा, तिथला नंबर त्या व्यक्तीकडे देऊन ठेवा.

नेत्रदान आणि देहदान दोन्ही सहसा होऊ शकतं. डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात. हृदय, यकृत वगैरे दान झालं तर बहुतेक महाविद्यालयं देह घेत नाहीत. मेंदूमृत्यू होऊन (मेंदूचं काम कायमचं थांबलेलं, पण यंत्रांच्या आधाराने हृदय चालू) अवयवदानाची संधी आलीच, तर तिला आधी हो म्हणावं असं माझं स्पष्ट मत आहे. समोर जिवंत माणूस वाट पाहत असतो.

देह नाकारलाही जाऊ शकतो. पोस्टमॉर्टेम झालेलं असेल, अपघातात फार इजा झाली असेल, एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी, सी असेल, तर सहसा घेत नाहीत. तसं झालं तर अंत्यसंस्कार कसे करायचे, तेही घरच्यांना आत्ताच सांगा. शिक्षण संपल्यावर अवशेषांचं काय करतात आणि अस्थी कुटुंबाला मिळतात का, याची पद्धत संस्थेगणिक वेगळी आहे. ते तुमच्या महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात जाऊन विचारा, आणि जाताना घरातलं एक माणूस सोबत न्या.