नर्सिंग होममधून स्वतःच्या घरी: आधी माणूस, मग टेप

नर्सिंग होममध्ये, म्हणजे कायम राहून काळजी घेतली जाते अशा संस्थेत, असलेल्या व्हीलचेअरवरच्या व्यक्तीला स्वतःच्या घरी हलवायचं काम पहिल्यांदाच हाती घेताय, तर घर शोधण्याआधी त्या व्यक्तीशी निवांत बोला, कर्मचारी आणि नातेवाईक खोलीत नसताना. कुठे, कुणासोबत राहायचं, सकाळी किती वाजता उठायचं, हे तिचं तिनं ठरवायचं.

मग टेप घेऊन घर पाहा. व्हीलचेअरला दारात निदान ८० सेंटीमीटर मोकळी जागा हवी. नुसती चौकट मोजून फसू नका. उघडं दारही चार-पाच सेंटीमीटर खातं. पायरी १५ सेंटीमीटरची असेल तर रॅम्प किमान १८० सेंटीमीटर लांब, म्हणजे उतार १:१२, दर एक सेंटीमीटर उंचीला बारा सेंटीमीटर लांबी. बाथरूमचं दार बाहेर उघडणारंच घ्या. माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं.

बेत कोसळतो तो बहुतेकदा मदतनीस न आल्यानं. रात्री कूस बदलायला कोणी नसेल तर काही तासांतच त्वचेवर दाबजखम सुरू होऊ शकते. प्रत्येक पाळीसाठी बदली माणसाचं नाव आणि नंबर पलंगाजवळ लावा. औषधं, कॅथेटर (लघवीची नळी) दोन आठवडे पुरतील इतके सोबत न्या, नव्या डॉक्टरची वेळ निघण्याआधीच घ्या. आणि शुक्रवारी हलवू नका. सुट्टीत लिफ्ट बिघडली तर दुरुस्तीला माणूस मिळणं मुश्कील.