ड्रायव्हर चुकला नसता तर?

प्रश्न: आमच्या टपरीवर केव्हाचा वाद सुरू आहे. मित्र म्हणतो, १९१४ ला साराजेव्होत त्या ड्रायव्हरनं चुकीचं वळण घेतलं नसतं तर दोन्ही महायुद्धं झालीच नसती. मी म्हणतो, युरोप तसाही पेटणारच होता. सावजीची पैज लागलीय, निकाल द्या.
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर: राजेहो, बिल वाटून घ्या, पण मोठा वाटा तुमचा. वळणाचा किस्सा खरा आहे. २८ जूनला सकाळीच ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याच्या ताफ्यावर बॉम्ब पडला, तो वाचला, मग जखमींना दवाखान्यात बघायला जायचं म्हणून रूट बदलला पण ड्रायव्हरला कोणी सांगितलंच नाही (साहेबांचे दौरे सगळीकडे सारखेच!), तो लॅटिन ब्रिजपाशी जुन्या रूटनंच वळला, सोबतचा गव्हर्नर ओरडला, ब्रेक लागला आणि गाडी थांबली ती नेमकी प्रिन्सिप या सर्ब मारेकऱ्याच्या पुढ्यात. त्यानं गोळ्या झाडल्या, फर्डिनांड गेला, आणि त्याच खुनावरून ऑस्ट्रियानं सर्बियाशी युद्ध पुकारलं, तिथून पहिलं महायुद्ध पेटलं. प्रिन्सिप तिथं सँडविच खात होता वगैरे नेटवरच्या थापा, सोडा.

खरी गोष्ट पुढं आहे. गेला तोच माणूस व्हिएन्नात, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राजधानीत, युद्ध नको म्हणणारा होता. तिथला सेनाप्रमुख कॉनराड १९१३ या एका वर्षात वीसच्या वर वेळा सर्बियावर चालून जाऊ म्हणून मागं लागला होता, आणि फर्डिनांडला पक्कं कळत होतं की सर्बियाला हात लावला की रशिया अंगावर येणार. तो जगला असता तर १९१४ चं वर्ष बहुतेक निभावून गेलं असतं, आधीच्या दोन वर्षांत बाल्कनमधल्या भानगडी निभावल्या तसंच.

तुमच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल की रशियाचा सैन्य वाढवायचा प्रोग्राम १९१७ पर्यंत पुरा होणार होता आणि बर्लिनच्या, म्हणजे जर्मनीच्या, जनरलांना धास्ती होती की मग आपलं काही चालणार नाही, त्यामुळे त्याआधी त्यांनी दुसरं निमित्त शोधलं असतं तर नवल नाही.

दुसऱ्या महायुद्धात मात्र मित्राचंच पारडं जड. १९१४ ला हिटलर म्युनिकमध्ये चित्रं विकून पोट भरत होता. पहिलं युद्धच नाही तर हरलेल्या जर्मनीवर लादलेला व्हर्सायचा तह नाही, मग हा भाषण काय ठोकणार? आणि पहिलं झालं म्हणून दुसरं होणारच असंही नव्हतं बरं का, १९२८ च्या निवडणुकीत नाझींना जेमतेम २.६ टक्के मतं होती, १९२९ ची मंदी आली, लाखो लोक बेकार झाले, तेव्हा कुठं जुलै १९३२ मध्ये ती ३७ टक्क्यांवर गेली.