आधी तक्ता, मग दोलक

प्रिय,

तुझ्या प्रयोगाचा आराखडा वाचला. साधा दोलक, दोऱ्याला टांगलेला गोळा, म्हणजे सगळ्यांनी करून झालेला प्रयोग, त्यात नवं काय, ही तुझी खंत त्यात दिसली. ती सोडून दे. उत्तर आधीच ठाऊक असलेल्या प्रयोगातच आपली मोजणी कुठे घसरते ते पकडता येतं. ते एकदा जमलं की अनोळखी प्रश्नाला हात घालायला हरकत नाही.

उद्देश मात्र बदल. ‘दोलकाचा अभ्यास करणे’ यातून काय करायचं ते कळत नाही. ‘लांबी २० सेंटिमीटरपासून १ मीटरपर्यंत वाढवत नेली तर दोलनकाल, म्हणजे एका आंदोलनाला (गोळा एकदा जाऊन परत यायला) लागणारा वेळ, कसा बदलतो?’ असं विचार, म्हणजे काय बदलायचं, काय मोजायचं आणि कुठे थांबायचं हे तिथेच ठरतं. लांबी आणि गोळा दोन्ही एकदम बदलायचा विचार आहे तुझा, तो नको. मोठ्या गोळ्याचा मध्य खाली जातो, त्यामुळे वस्तुमान बदलताना नकळत लांबीही बदलते आणि फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही. आधी एकच गोळा घेऊन लांबीचा प्रश्न संपव. अपेक्षा काय आहे आणि कोणता निकाल आला तर ती चुकली म्हणायचं, हेही आजच लिहून ठेव. आकडे हाती आल्यावर अपेक्षा लिहिली, तर ती आकड्यांकडे बघूनच लिहिली जाते.

आता मोजणी. एकच आंदोलन मोजू नकोस. एक मीटरच्या दोलकाला एका आंदोलनाला साधारण २ सेकंद लागतात. स्टॉपवॉचचं बटण दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले, तर तेवढ्यातच १० टक्के गेले. तीच गफलत २० आंदोलनांच्या ४० सेकंदांत अर्ध्या टक्क्यावर येते. मोजताना गोळा मधल्या खुणेवरून जाईल तेव्हा बटण दाब. टोकाला तो रेंगाळतो, तिथे नेमका क्षण सापडत नाही. आणि बटण दाबताना ‘शून्य’ म्हण, ‘एक’ नाही. ‘एक’पासून सुरुवात केलीस तर ‘वीस’ म्हणताना प्रत्यक्षात १९ आंदोलनं झालेली असतात, दोलनकाल ५ टक्क्यांनी कमी येतो आणि लांबी व दोलनकालावरून काढलेलं गुरुत्व त्वरण (पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती मीटर प्रतिसेकंदाने वाढतो तो आकडा) ९.८ऐवजी जवळपास १०.९ निघतं. झोका लहान ठेव. १० अंशांपर्यंत दोलनकालात फार तर ०.२ टक्के फरक पडतो, ४० अंशांना तो ३ टक्क्यांवर जातो.

खऱ्या रीडिंगच्या आधी एक रंगीत तालीम कर. आधार हलतोय, दोरा ताणला जातोय, गोळा सरळ जायच्या ऐवजी गोल फिरतोय, हे सगळं तिथेच दिसतं. तक्ता तालमीच्या आधीच आखून ठेव. रकाने आखायला बसलं की काय मोजायचं राहून जाणार होतं ते लक्षात येतं. प्रत्येक लांबीला तीन रीडिंग घे आणि तिन्ही लिही, नुसती सरासरी नको. कच्च्या वहीत पेननेच लिहायचं. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि का खोडला ते शेजारी लिहायचं. ‘बाकींशी जुळत नाही’ हे खोडायचं कारण होत नाही. ‘दोरा घसरला’ हे होतं.

आता अहवालातल्या त्या भागाकडे येतो जो जवळपास सगळे दोन ओळींत उरकतात: त्रुटी. ‘मानवी चुकीमुळे उत्तरात फरक पडला असावा’ हे वाक्य तुझ्या अहवालात मला दिसता कामा नये. कोणती चूक, उत्तर कोणत्या बाजूला ढकलणारी आणि किती, हे लिही. समज, गोळ्याचा व्यास २ सेंटिमीटर आहे आणि तू लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता वरच्या टोकापर्यंतच मोजलीस. प्रत्येक लांबी १ सेंटिमीटरने कमी लिहिली गेली. मग २० सेंटिमीटरला गुरुत्व त्वरण ९.३ येईल आणि १०० सेंटिमीटरला ९.७. शंभर वेळा मोजलंस तरी हा दोष जाणार नाही. पुन्हा पुन्हा मोजल्याने बटणाची धांदल सरासरीत विरते, चुकीच्या जागेवरून मोजलेली लांबी तशीच राहते. सगळ्या उत्तरांची सरासरी काढलीस तर ती लपतेसुद्धा. पण दोलनकालाचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख काढ. रेषा सरळच येईल, फक्त आरंभबिंदूतून जाणार नाही, आणि ती किती सरकली त्यावरून गोळ्याची त्रिज्या निघेल. रेषेच्या चढावर या चुकीचा परिणामच होत नाही, म्हणून त्यावरून काढलेलं गुरुत्व त्वरण बरोबर येतं. हे मला फार सुंदर वाटतं. म्हणूनच सांगतो, आलेख घरी जाऊन काढू नकोस, रीडिंग घेता घेता बिंदू मांडत जा. दोलक अजून टांगलेला असतो, शंका आली तर लगेच तपासता येते.

आपली त्रुटी किती हे माहीत असलं तरच न जुळणाऱ्या आकड्याला किंमत येते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना हवेतून मिळवलेला नायट्रोजन संयुगांपासून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्याने जड भरत होता. त्यांचं वजन करणं इतकं काटेकोर होतं की तो फरक मोजणीचा दोष म्हणून सोडून देता येईना. त्या पाठपुराव्यातून १८९४ मध्ये रॅले आणि रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांना हवेतला आरगॉन हा वायू सापडला. तुझं उत्तर ९.६ आलं आणि तुझी त्रुटी ०.३ असेल, तर ते ९.८शी जुळलं असं खुशाल लिही. त्रुटी ०.०५ असेल, तर जुळलं नाही असं लिही आणि कारण शोधायला लाग.

बाकी लिखाण सोपं आहे. कृती त्याच दिवशी लिही, भूतकाळात, तू जे केलंस तेवढंच. ते वाचून दुसऱ्या कुणाला तुला काहीही न विचारता तोच प्रयोग करता आला पाहिजे, म्हणजे गोळ्याचा व्यास, झोक्याचा कोन आणि घड्याळ किती बारीक मोजतं हे त्यात हवंच. निष्कर्षात मोजलेल्या लांबींपलीकडे जाऊ नकोस. सारांश सगळ्यात शेवटी लिही, जागा सगळ्यात वर असली तरी.

पहिल्या तीन लांबींची रीडिंग झाली की कच्च्या वहीच्या पानांचे फोटो पाठव, खाडाखोडीसकट. पुढच्या लांबी कोणत्या घ्यायच्या ते त्यावरून ठरवू.

तुझा,
सर