सुट्ट्यांमध्ये घराची किल्ली कोणाकडे ठेवावी?

नोव्हेंबर उजाडला की परदेशातील मराठी कुटुंबे जे प्रश्न विचारू लागतात, ते बहुधा एकाच वळणाचे असतात. महिनाभर भारतात जायचे आहे, घर बंद राहणार, तर कॅमेरा कोणता घ्यावा? आई-वडील पहिल्यांदाच आले आहेत आणि आम्ही दोघेही कामावर जातो, तर त्यांना दिवसभर एकटे ठेवणे बरोबर आहे का? या प्रश्नांची उत्तरे देण्यापूर्वी मला प्रत्येकाला एकच गोष्ट विचारावीशी वाटते. तुमच्या घराची एक किल्ली चालत येण्याजोग्या अंतरावर कोणाकडे आहे का, आणि तुम्ही कोणत्या तारखेला परतणार हे त्या व्यक्तीला ठाऊक आहे का? नसेल, तर कॅमेऱ्याचा विषय दोन आठवडे बाजूला ठेवून आधी ते काम करावे.

कॅमेरा चोरी झाल्याचे कळवतो, पण थंडीने गोठलेला पाइप फुटून घरात पाणी शिरले तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करायला माणूसच यावा लागतो. अमेरिका किंवा कॅनडातील थंड भागांत घर बंद ठेवताना हीटिंग पूर्ण बंद करू नये. ते साधारण १३ अंश सेल्सियस, म्हणजे ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली जाऊ देऊ नये. अमेरिकेतील टपाल खाते ३० दिवसांपर्यंत तुमचे टपाल स्वतःकडे थांबवून ठेवते, तशी विनंती आधी नोंदवता येते. परंतु खासगी कुरिअर कंपन्यांची पार्सले दारात येऊन पडतातच, आणि चार दिवस न उचललेले खोके घर रिकामे असल्याचे रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते. ते उचलून आत ठेवणारा, बर्फ पडल्यावर दारापुढची वाट मोकळी करणारा, अनोळखी गाडी दिसली तर तुम्हाला संदेश पाठवणारा शेजारी ही खरी व्यवस्था आहे.

असा शेजारी निघण्याच्या आदल्या दिवशी मिळत नाही. पुष्कळ कुटुंबांत मी पाहते की मराठी मंडळींशी जवळीक चांगली असते, पण ती सारी मंडळी अर्ध्या तासाच्या अंतरावर राहतात. भिंतीला लागून असलेल्या घरातील माणसाचे आडनावही ठाऊक नसते. सुट्ट्यांचा काळ ही उणीव भरून काढण्यास सर्वांत सोयीचा आहे, कारण या दिवसांत दार ठोठावून चार शब्द बोलणे कोणालाही वावगे वाटत नाही. जाताना आभार मानण्याचे निश्चित कारण मनात असू द्यावे. "वर्षभराच्या सहकार्याबद्दल आभारी आहोत" या वाक्याने कोणाच्याही मनात काही उमटत नाही. "मार्चमध्ये आमच्या मुलीची सायकल रस्त्यात पडली होती तेव्हा तुम्ही तिला घरी आणून सोडलेत, ते आम्ही विसरलेलो नाही" असे म्हटले की समोरच्याला कळते, की आपले वागणे कोणीतरी पाहिले होते आणि जपून ठेवले होते. हे कागदावर लिहून, मुलांच्या हातून दिले तर अधिक चांगले, कारण त्या निमित्ताने मुलांनाही शेजाऱ्यांचे चेहरे ओळखीचे होतात आणि अडचणीच्या वेळी कोणत्या दारी जायचे ते त्यांना सांगावे लागत नाही.

आपल्याकडे जवळच्या माणसाचे तोंडाने आभार मानणे परकेपणाचे लक्षण समजले जाते, आणि त्या भावनेचा मी आदर करते. परंतु परदेशात पहिल्या वर्षी विमानतळावर घ्यायला आलेला मित्र, घर मिळेपर्यंत स्वतःच्या खोलीत जागा देणारे कुटुंब, बाळंतपणात रात्री दोन वाजता रुग्णालयात सोडणारी मैत्रीण यांचे ऋण आपण मनात धरतो आणि पुढे आयुष्याच्या धावपळीत त्यांना वर्षानुवर्षे फोनही करत नाही. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी आणि कॅनडात ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी थँक्सगिव्हिंगची सुट्टी असते. तो सण आपला मानायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र त्या दिवशी हातात असलेला वेळ अशा दोन-तीन फोनांसाठी राखून ठेवावा, असा माझा आग्रह आहे. रोज दारात येणाऱ्या माणसांनाही विसरू नये. अमेरिकेतील सरकारी टपाल वाटणाऱ्यांना रोख रक्कम स्वीकारता येत नाही, एका प्रसंगी २० डॉलरपर्यंतची भेटवस्तू तेवढी घेता येते; म्हणून पाकिटात नोट घालून त्यांना अडचणीत आणण्याऐवजी एखादी लहानशी वस्तू आणि हस्ताक्षरातील दोन ओळी द्याव्यात.

आता दागिन्यांविषयी. भारतीय घरांत सोने असते हे चोरांनाही माहीत झालेले आहे, आणि ब्रिटन व अमेरिकेतील पोलिसांनी आपल्या लोकांना त्याबाबत सावध केलेले आहे. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात घातलेल्या दागिन्यांची छायाचित्रे, पाठोपाठ विमानतळावरचे छायाचित्र आणि त्याखाली "तीन आठवडे भारतात" ही ओळ, एवढ्यातून घराचा पत्ता शोधणाऱ्याला हवी ती सारी माहिती मिळते. प्रवासाची छायाचित्रे परत आल्यावर टाकावीत. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत आणि विमा कंपनीला स्पष्ट विचारावे, कारण सर्वसाधारण गृहविम्यात दागिन्यांच्या चोरीची भरपाई बहुधा मर्यादित असते आणि त्यासाठी वेगळी तरतूद करावी लागते.

भारतातून आलेल्या आई-वडिलांबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण या विषयात आपण सर्वांत अधिक गाफील असतो. आपण त्यांना मायक्रोवेव्ह शिकवतो, दूरदर्शन संचाची बटणे शिकवतो, पण घराचा पत्ता पाठ करून घेत नाही. सकाळी फिरायला निघालेले वडील सारख्या दिसणाऱ्या घरांमध्ये वळण चुकले, फोनमध्ये स्थानिक सिम नसले आणि समोरच्याचे उच्चार त्यांना कळले नाहीत, तर एरवी चाळीस वर्षे कचेरी सांभाळलेला माणूस क्षणात असहाय होतो. त्यांच्या खिशात एक कार्ड कायम असावे. त्यावर त्यांचे नाव, तुमचा पत्ता, तुमचा आणि आणखी एका मित्राचा फोन क्रमांक, त्यांची औषधे आणि "मी मराठी बोलतो, मला इंग्रजी फारसे येत नाही" हे वाक्य त्या देशाच्या भाषेत ठळक लिहिलेले असावे. आल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी त्यांना घेऊन दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना भेटून यावे. ज्येष्ठ अनोळखी गृहस्थ रस्त्याने रोज फिरताना दिसतात ते कोण आहेत, हे आजूबाजूच्यांना आधीच कळलेले असणे हे त्यांच्या सुरक्षिततेसाठी फार आवश्यक आहे, आणि हे सांगताना मला वाईट वाटत असले तरी ते खरे आहे. डिसेंबरात लंडनमध्ये दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो, म्हणून फिरण्याची वेळ दुपारच्या जेवणापूर्वीची ठरवावी.

आणीबाणीचा क्रमांक फ्रीजवर मोठ्या अक्षरांत लावावा. अमेरिका आणि कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, युरोपीय संघाच्या देशांत ११२, ऑस्ट्रेलियात ००० आणि न्यूझीलंडमध्ये १११. फोन लागल्यावर आधी पत्ता सांगायचा आणि मग काय झाले ते, एवढा क्रम आई-वडिलांकडून आणि लहान मुलांकडून एकदा म्हणवून घ्यावा. स्वयंपाकघरात तेलाने पेट घेतला तर पाणी न ओतता शेगडी बंद करून भांड्यावर झाकण ठेवायचे, आणि फोडणी देताना वाजतो म्हणून धुराचा अलार्म काढून ठेवायचा नाही, या दोन सूचनाही त्याच कागदावर लिहाव्यात.

आई-वडील भारतात असतील तर धोका वेगळा असतो. "तुमच्या मुलाला अपघात झाला आहे", "तुमच्या मुलीच्या नावावर अमली पदार्थांचे पार्सल सापडले आहे", असे सांगून पैसे उकळणारे फोन आता घरोघरी येतात, आणि कधी कधी गणवेशातील माणूस व्हिडिओ कॉलवर दिसतो व तुम्हाला "डिजिटल अटक" झाली आहे, फोन बंद करू नका, असे सांगतो. भारतीय कायद्यात "डिजिटल अटक" असा प्रकारच नाही, हे घरातील प्रत्येक ज्येष्ठाला शांतपणे समजावून सांगितले पाहिजे. अशा फसवणुकीत वेळेच्या फरकाचा मोठा वाटा असतो. पुण्यात सकाळचे अकरा वाजलेले असतात तेव्हा हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे साडेबारा झालेले असतात. मुलगा झोपलेला असतो, फोन उचलत नाही आणि आईचा धीर सुटतो. म्हणून मुलाचा फोन लागला नाही तर कोणाला लावायचा, हे आधी ठरलेले असावे. त्यासाठी तुम्ही परदेशात राहता त्याच गावातील एखादा मित्र, आणि भारतात त्या वेळी झोपेत नसलेला एखादा भाचा किंवा शेजारी, अशी दोन नावे त्यांच्याकडे लिहून ठेवावीत आणि घरच्यांनाच ठाऊक असलेला एक खुणेचा शब्द ठरवावा. पैसे गेलेच तर लाजेपोटी वेळ न घालवता भारतातील १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच तक्रार करावी, कारण जितक्या लवकर कळवले जाईल तितकी रक्कम थांबवण्याची शक्यता अधिक असते.

परदेशातील तरुणांनाही दूतावासाच्या किंवा कर खात्याच्या नावाने असे फोन येतात. वॉशिंग्टनमधील भारतीय दूतावासाने अशा बनावट फोनांबद्दल सूचना काढलेली आहे. कोणतेही सरकारी कार्यालय गिफ्ट कार्डांच्या रूपात पैसे मागत नाही. तशी मागणी झाली की बोलणे तिथेच संपवावे आणि कोणातरी मित्राला ते सांगावे. फसवणारा "हे कोणालाही सांगू नका" असे बजावतो, त्यामुळे दुसऱ्या माणसाशी बोलताच त्याचे जाळे बहुधा तुटते.

मेजवान्यांमध्ये मित्राला "नाही" म्हणण्याची वेळ येते, आणि ते म्हणावेच लागते. मद्य घेतलेल्या पाहुण्याने गाडीची किल्ली उचलली तर यजमानाने ती काढून घेऊन अंथरूण घालून द्यावे. तो रागावला तरी चालेल. अमेरिकेत मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द होऊ शकतो, म्हणजे अपघात झाला नाही तरी एका रात्रीत सगळ्या कुटुंबाचा मुक्काम धोक्यात येतो. ऑस्ट्रेलियातील कुटुंबांना या दिवसांत समुद्र बोलावतो. जानेवारी २०२४ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातील फिलिप आयलंड येथे जीवरक्षकांची गस्त नसलेल्या किनाऱ्यावर एकाच भारतीय कुटुंबातील चौघे बुडून दगावले. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरावे, झेंडे नसतील तर पाण्यात जाऊ नये, आणि गटातील सर्वांचा आग्रह असला तरी एकाने तरी हे ठामपणे सांगावे.

एक विषय असा आहे की जो सुट्ट्यांच्या लगबगीत कोणी काढत नाही. काही स्त्रियांसाठी दारे बंद आणि सगळे घरी, हेच दिवस सर्वांत भीतीचे असतात, आणि व्हिसा पतीच्या नोकरीवर अवलंबून असल्यामुळे त्या गप्प राहतात. अमेरिकेत १-८००-७९९-७२३३, ब्रिटनमध्ये ०८०८ २००० २४७ आणि ऑस्ट्रेलियात १८०० ७३७ ७३२ या क्रमांकांवर कौटुंबिक हिंसाचाराबाबत मदत मिळते. न्यू जर्सीतील "मानवी" ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करते आहे. ब्रिटनमध्ये मोबाइलवरून ९९९ लावल्यावर बोलणे शक्य नसेल तर सूचना ऐकून ५५ दाबावे, म्हणजे फोन पोलिसांकडे जोडला जातो; मात्र तुमचे ठिकाण त्यांना आपोआप कळत नाही, हे ध्यानात ठेवावे. मैत्रीण असे काही सांगू लागली तर तिला संसार टिकवण्याचा उपदेश करू नये. तिच्या पासपोर्टाची प्रत आणि कपड्यांची एक पिशवी आपल्या घरी ठेवून घ्यावी आणि "केव्हाही ये" हे तिला स्पष्ट सांगावे.

शेवटी विद्यार्थी आणि नुकतेच नोकरीला आलेले तरुण. वसतिगृहे रिकामी होतात, वर्गमित्र आपापल्या घरी जातात, आणि घरी फोनवर "सगळे छान आहे" असे सांगून ही मुले खोलीत बसून राहतात. मन फारच खचले असेल तर अमेरिका आणि कॅनडात ९८८, ब्रिटनमध्ये ११६ १२३, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४ या क्रमांकांवर कोणाशी तरी बोलता येते, हे त्यांना सहज गप्पांत सांगून ठेवावे. त्याहून सोपे म्हणजे त्यांना घरी बोलवावे. "कधीतरी या" असे म्हटल्याने कोणीही येत नाही, कारण संकोची मूल स्वतःहून तारीख ठरवणार नाही. वार, वेळ आणि पत्ता देऊन बोलवावे, आणि आल्यावर त्याला पाहुण्यासारखे बसवून न ठेवता एखादे काम सोपवावे. लंडनमध्ये २५ डिसेंबरला रेल्वे, भुयारी रेल्वे आणि बस तिन्ही बंद असतात, तेव्हा त्या दिवशी बोलावणार असाल तर आणायला कोण जाईल, रात्री सोडायला कोण जाईल किंवा मुक्कामाची सोय कुठे करायची, हे आमंत्रण देतानाच सांगून टाकावे.